उन्हातल्या शेतकामानंतर थंड बिअर कशी घ्यावी

एप्रिलमधली द्राक्षाची खरड छाटणी, फेब्रुवारी-मार्चमधले हळद शिजवण्याचे काम किंवा तुटून गेलेल्या उसाच्या फडातले पाचट आवरणे यांपैकी कोणतेही काम दिवसभर केले, की संध्याकाळी घसा इतका कोरडा पडलेला असतो की हाताला लागेल ते थंड पेय माणूस घटाघटा पिऊन टाकतो. तासगाव, पलूस, वाळवा या भागात किंवा कराड, कोरेगाव, फलटणच्या बाजूला अशा संध्याकाळी एखादी बिअर उघडली जाते, ही गोष्ट आता लपवण्यासारखी राहिलेली नाही. मात्र ती कशी आणि केव्हा घ्यावी, हे कोणी नीट सांगत नाही, कारण सांगणारे बहुतेक एकतर ‘घेऊच नका’ म्हणतात किंवा ‘चल, बसू’ म्हणतात. हे लेखन घेणाऱ्यांसाठी आहे. जो घेत नाही त्याने सुरुवात करावी असे एकही कारण मी देणार नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही असे स्पष्ट केले आहे, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे की तहान पाण्याने भागवावी आणि बिअर तहान भागल्यानंतर चवीसाठी घ्यावी. हा क्रम उलटा झाला, की एका बाटलीच्या दोन आणि दोनाच्या चार होतात, कारण तहानलेला माणूस चव घेत नाही, तो फक्त गिळतो.

आधी पाणी, मग सावली, मग अंघोळ

कडक उन्हात अंगमेहनतीचे काम करताना तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. आटपाडी, जत, माण, खटाव या कोरड्या हवेच्या तालुक्यांत तो अंगावर दिसतही नाही, कारण येताक्षणी वाळून जातो. दिसतात ते शर्टाच्या पाठीवर आणि टोपीच्या कडेला उमटलेले मिठाचे पांढरे डाग. ते डाग दिसले की केवळ पाणीच नव्हे, तर मीठही गेलेले आहे असे समजावे. मद्याचा एक गुणधर्म असा आहे की ते शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दाबते, त्यामुळे लघवी वाढते आणि घामाने आधीच कमी झालेले पाणी आणखी कमी होते. बिअरमध्ये पाणी भरपूर असले, तरी सुकलेल्या शरीराची तूट भरून काढण्यासाठी ती भरवशाची नाही, आणि स्ट्राँग बिअर तर मुळीच नाही.

म्हणून काम थांबवल्यानंतर पहिला अर्धा-पाऊण तास बाटलीला हात लावू नये. सावलीत बसून अर्धा लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे, त्यानंतर मीठ घातलेले पातळ ताक किंवा लिंबू-साखर-मिठाचे सरबत घ्यावे. फारच घाम गेला असेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण सर्वांत सोपे आहे. मग हात-पाय, मान आणि डोके धुवावे, शक्य असल्यास अंघोळच करावी. लघवी एकदा होऊन ती फिकट दिसली, की शरीर ताळ्यावर आले असे मानायला हरकत नाही. गडद पिवळी असेल, तर अजून एक तांब्या पाणी आणि थोडा धीर हाच उपाय आहे. पुष्कळांचा अनुभव असा, की एवढे सगळे झाल्यावर बिअरची घाई आपोआप निघून जाते.

काही लक्षणे असतील, तर त्या दिवशी मद्य घ्यायचेच नाही. डोके गरगरणे, मळमळणे, पायांत गोळे येणे, अंगावर काटा येणे ही ऊन लागल्याची लक्षणे आहेत. याच्या पुढे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भट्टीसारखे झाले किंवा तो चालताना झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. त्याने त्याआधी दोन घोट घेतलेले असतील, तर आजूबाजूचे लोक ‘चढली आहे, झोपू द्या’ असे म्हणून त्याला बांधावर आडवे करतात, आणि मोलाची वेळ तिथेच जाते.

औषधाचे काम झाले असेल तर

हा भाग द्राक्षवाल्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण याविषयी बोलले फार कमी जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईड लावतात. डॉर्मेक्स या नावाने ते अनेकांना माहीत आहे आणि या कामाला पेस्टिंग म्हणतात. मद्य पोटात गेल्यावर यकृत त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात आणि नंतर निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. सायनामाईड त्यातली दुसरी पायरी अडवते, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठत जाते. चेहरा व छाती लालबुंद होते, डोके ठणकते, छातीत धडधडते, श्वास अपुरा पडतो, रक्तदाब घसरतो आणि माणूस जागच्या जागी कोसळू शकतो. यासाठी खूप प्यावे लागते असे नाही, एक ग्लासही पुरतो. शिवाय हे रसायन कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते, त्यामुळे ‘मी कुठे तोंडात घातले’ या युक्तिवादाला अर्थ उरत नाही. हे काम करण्याच्या आदल्या दिवसापासून ते काम संपल्यानंतर किमान एक आठवडा मद्य पूर्ण बंद ठेवावे. पेस्टिंग नेमके ऑक्टोबरच्या उकाड्यात येते आणि छाटणी आटोपल्याच्या आनंदात टोळीला ‘बसवण्याची’ पद्धतही त्याच वेळची आहे, म्हणून बागायतदाराने ही गोष्ट मजुरांना कामाच्या आधी सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. ती बसण्याची संध्याकाळ पंधरा दिवस पुढे ढकलली म्हणून कोणाचे काही अडत नाही.

इतर कीटकनाशकांची फवारणी केली असेल, त्या दिवशीही बिअर टाळावी हे माझे मत आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांची विषबाधा झाली, तर घाम, लाळ, उलटी, अंधूक दिसणे, गोंधळ अशी लक्षणे दिसतात, आणि ती नशेसारखी भासल्यामुळे दवाखान्यात जायला उशीर होतो. तरीही कोणी प्यायला असेल आणि त्याला त्रास सुरू झाला, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात आणि औषधाचा डबा सोबत न्यावा.

मधुमेहाच्या, झोपेच्या किंवा झटक्यांच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मद्य घेऊ नये. जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असतानाही ते टाळावे.

काय घ्यावे आणि किती

बिअर शॉपीत उभे राहिल्यावर ब्रँडपेक्षा लेबलवरचा टक्का आधी पाहावा. माईल्ड बिअरमध्ये मद्यार्क साधारण पाच टक्क्यांपर्यंत आणि स्ट्राँगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत असतो. ६५० मिलीच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत साडेबत्तीस मिली शुद्ध मद्यार्क येतो, तर आठ टक्क्यांच्या बाटलीत बावन्न मिली. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे सव्वीस मिली मद्यार्क असतो, म्हणजे ‘मी फक्त एक बिअर घेतली’ असे सांगणाऱ्याने ती स्ट्राँग असेल तर प्रत्यक्षात दोन मोठे पेग घेतलेले असतात. आपल्याकडे स्ट्राँग अधिक खपते, कारण तेवढ्याच पैशात जास्त चढते. उन्हातून आलेल्या माणसासाठी मात्र तोच तिचा दोष आहे. या प्रसंगासाठी माईल्डच योग्य, आणि तीही ३३० मिलीची छोटी बाटली, किंवा मोठी घेतली तर दोघांत मिळून. छोट्या बाटलीचा आणखी एक फायदा असा, की शेवटचा घोटही थंड राहतो. मोठी बाटली एकट्याने संथपणे पिऊ लागले, तर तिचा खालचा भाग कोमट होतो आणि तो संपवायचा म्हणून संपवला जातो.

शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निकाली काढते. त्या हिशेबाने माईल्डच्या मोठ्या बाटलीतले सुमारे सव्वीस ग्रॅम जायला अडीच ते पावणेचार तास लागतात, आणि स्ट्राँगचे एक्केचाळीस ग्रॅम जायला चार ते सहा तास. लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, कडक चहा यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

ज्यांना बिअरचा कडवटपणा आवडत नाही, त्यांच्यासाठी आपल्याच सांगली जिल्ह्यात दुसरा मार्ग आहे. पलूसला द्राक्ष प्रक्रियेसाठी कृष्णा व्हॅली वाईन पार्क उभारले गेले, पण वाईन ही आपल्या शिवारात अजूनही पाहुण्यांची किंवा शहरातल्यांची वस्तू मानली जाते. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या संध्याकाळी थंड पांढऱ्या वाईनमध्ये तेवढाच थंड सोडा मिसळून, वर लिंबाची एक पातळ चकती टाकली, तर बारा-तेरा टक्क्यांची वाईन सहा-साडेसहा टक्क्यांवर येते आणि पेय हलके, आंबटसर व ताजे लागते. शंभर मिली वाईन आणि शंभर मिली सोडा हे एका माणसाला पुरेसे प्रमाण आहे. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली, तर दोन-तीन दिवस चांगली राहते; त्यानंतर ती आंबट होत जाते.

हातभट्टीविषयी एकच वाक्य पुरे: २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली, आणि मिथेनॉल मिसळलेले आहे की नाही हे चवीवरून, वासावरून किंवा पेटवून पाहून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

थंड करण्याची रीत

खरी मजा थंडपणात आहे, आणि शिवारात फ्रीज नसतो किंवा असला तरी लाईट नसते, म्हणून थोडी युक्ती करावी लागते. बाटली गावातून आणतानाच ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावी. त्यामुळे ती तापत नाही आणि तिच्यावर ऊनही पडत नाही. उन्हाने बिअरमधला हॉप्सचा, म्हणजे तिला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा अंश बिघडून तिला उग्र, कुबट वास येतो, आणि हिरव्या किंवा पारदर्शक काचेच्या बाटलीत हे तपकिरी बाटलीपेक्षा फार लवकर घडते. मोटारसायकलवर खडखडत आलेली बाटली लगेच उघडू नये. गरम द्रवात वायू टिकत नाही, त्यामुळे अर्धी बिअर फेस होऊन मातीत जाते.

मळ्यात पोचल्यावर बाटल्या बादलीत घालून, बादलीला पक्का दोर बांधून विहिरीच्या पाण्यात सोडाव्यात. विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही हवेपेक्षा पुष्कळ थंड असते, त्यामुळे तापलेली बाटली अर्ध्या तासात बरीच निवते आणि पुढे बर्फ कमी लागतो. विहीर नसेल, तर ओल्या गोणपाटातच बाटली वाऱ्याच्या झोतात टांगून ठेवावी आणि गोणपाट सुकू देऊ नये. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात ही रीत छान चालते, पण जूनमध्ये हवा दमट झाली की तिचा उपयोग उरत नाही.

शेवटची थंडी मात्र बर्फानेच येते. नुसत्या बर्फाच्या खड्यांत बाटली खुपसली, तर खड्यांच्या मधल्या हवेमुळे ती सावकाश गार होते. बादलीत बर्फ घालून, बाटली बुडेल इतके पाणी ओतावे आणि दोन-तीन मुठी जाडे मीठ टाकावे. मिठामुळे पाणी शून्य अंशाच्या खाली जाऊनही गोठत नाही, आणि पाणी बाटलीला सगळीकडून टेकत असल्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत ती बोटांना चटका बसावा इतकी गार होते. अधूनमधून बाटली मानेला धरून हळूहळू फिरवत राहावे, म्हणजे आतली बिअर सारखी थंड होते. घरी फ्रीजरमध्ये ठेवली असेल, तर ती विसरू नये, कारण गोठताना पाणी फुगते आणि बाटली तडकते.

बर्फाच्या लादीचा बर्फ बादलीपुरताच ठेवावा, ग्लासात घालू नये. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे, परंतु लादी पांढरी दिसली म्हणून ती पिण्याच्या पाण्याची असेलच असे नाही.

ग्लास तेलकट नसावा. भजी-वड्यांच्या ताटाबरोबर ठेवलेल्या ग्लासाला तेलाचा पातळ थर लागतो आणि फेस क्षणात विरतो. तो राखेने किंवा साबणाने घासून, भरपूर पाण्याने विसळून, थंड पाण्याने ओला करूनच वापरावा. ग्लास तिरका धरून बिअर कडेवरून सोडावी आणि अर्धा भरल्यावर सरळ करावा, म्हणजे वर दोन बोटे फेस राहतो.

सोबत काय खावे

रिकाम्या पोटी मद्य झपाट्याने चढते, म्हणून बिअरच्या आधी काहीतरी भरीव पोटात असावे. अर्धी भाकरी आणि झुणका, उकडलेल्या शेंगा, उकडलेले अंडे हे उत्तम. सांगलीत असून भडंगाला नाही म्हणणे अवघड आहे, आणि कुरकुरीत भडंग, त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा व लिंबू ही बिअरसोबतची आपली खास गोष्ट आहेच. पण भडंग खारट-तिखट असल्यामुळे पुन्हा तहान लागते आणि ग्लास लवकर रिकामा होतो. त्यामुळे भडंगाच्या परातीशेजारी काकडीच्या फोडी आणि पाण्याचा तांब्या ठेवावा, आणि बिअरच्या एका ग्लासामागे पाण्याचा एक ग्लास असा नेम पाळावा.

कुठे बसावे आणि नंतर काय करू नये

महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वयाची एकवीस वर्षे आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवानाही लागतो, जो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. रस्त्याकडेचा बांध, नदीचा घाट, एसटीचा थांबा, शाळेचे मैदान ही सार्वजनिक ठिकाणे आहेत, तिथे बसू नये. ज्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी, म्हणजे दारूबंदी केली आहे, त्या गावात बाहेरून बाटल्या आणून चव्हाट्यावर बसणे हे कायद्याच्या आधी शिष्टाचाराला सोडून आहे. स्वतःच्या मळ्यातल्या घरापुढचे अंगण किंवा शेडची सावली पुरेशी आहे.

विहिरीच्या काठावर मात्र बसू नये. नशेत पोहायला उतरणे, मग ती विहीर असो वा कृष्णेचा डोह, हे तर टाळायचेच, पण दोन ग्लासांनंतर काठावरून उठताना तोल जाणेही तितकेच घातक आहे. रात्रीच्या लाईटवर पंप सुरू करायची पाळी असेल, त्या दिवशी बिअरचा विचारच सोडावा. ओल्या हातांनी अंधारात स्टार्टरची पेटी उघडणे हे शुद्धीवरच्या माणसासाठीही जोखमीचे काम आहे. कडबा कुट्टीचे यंत्र, कोयता, फवारणीचा ब्लोअर यांनाही पिऊन हात लावू नये.

ट्रॅक्टर हे कायद्याने मोटार वाहनच आहे. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा त्यालाही लागू आहे, आणि ढोबळ हिशेबाने साठ किलोच्या माणसाने माईल्डची एक मोठी बाटली संपवली, तर तो या मर्यादेच्या दुपटीच्या आसपास जातो. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन रात्री कारखान्याच्या रांगेला जाणाऱ्याने त्या दिवशी एक थेंबही घेऊ नये, आणि इतरांनी घरी परतण्याची सोय बाटली उघडण्याआधीच ठरवावी.

मजुरांबरोबर बसणार असाल, तर मजुरी आधी रोख चुकती करावी. मजुरीच्या बदल्यात बाटली देणे म्हणजे त्या माणसाच्या घरच्यांचे पैसे परस्पर खर्च करणे आहे. जो नको म्हणतो, त्याला दुसऱ्यांदा विचारू नये आणि त्याच्या हातात ताकाचा ग्लास तितक्याच आदराने द्यावा. संध्याकाळची बिअर रोजची झाली, न मिळाल्यास हात थरथरू लागले किंवा चिडचिड होऊ लागली, तर तो आता चवीचा विषय राहिलेला नाही. अशा वेळी १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, आणि साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली परिवर्तन ही संस्था याच कामासाठी ओळखली जाते. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाच्या जोरावर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावे, कारण अचानक थांबवल्याने झटकेही येऊ शकतात.

उठण्यापूर्वी बाटल्या मोजून गोणीत भराव्यात. सरीत राहिलेली फुटकी काच पुढच्या बांधणीला अनवाणी पायात घुसते, आणि वैरणीत गेलेले पत्र्याचे झाकण म्हशीच्या पोटात जाऊन अडकते. झाकणे काढतानाच खिशात टाकत गेले, तर अंधारात शोधावी लागत नाहीत. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो.